नेक्सस : शक्तीची किंमत विचारणारी अंतराळगाथा

अंतराळगाथा आणि सुपरहिरो हे दोन्ही प्रकार एकत्र आणणारी, दर्जा असूनही फारशी कुणी न वाचलेली कॉमिक्स मालिका कोणती, ती का वाचावी आणि तिची सुरुवात कुठून करावी, असा प्रश्न आहे. लेखक माइक बॅरन आणि चित्रकार स्टीव्ह रूड यांची ‘नेक्सस’ हे माझे उत्तर आहे, आणि गेल्या अनेक वर्षांत ते बदलावे असे मला एकदाही वाटलेले नाही. मी स्वतः चित्रकथा रेखाटतो आणि नव्या चित्रकारांना पानाची मांडणी शिकवतो. त्यामुळे या उत्तरात कथेबरोबरच पानाविषयीही बरेच काही येईल. किंबहुना या मालिकेच्या बाबतीत कथा आणि पान वेगळे काढताच येत नाहीत, हेच तिचे सामर्थ्य आहे.

कथा सुमारे पाचशे वर्षांनंतरच्या काळात घडते. माणसे आणि इतर अनेक जीवजाती ग्रहाग्रहांवर पसरलेल्या आहेत. एका बाजूला ‘वेब’ नावाचा व्यापारप्रधान, निवडणुका घेणारा ग्रहसंघ आहे, तर दुसऱ्या बाजूला जुन्या सोव्हिएत व्यवस्थेचा वारसा सांगणारे ‘सोव्ह’ साम्राज्य आहे. या सगळ्यांपासून दूर आयलम नावाच्या एका ओसाड गोलावर होरेशियो हेलपॉप नावाचा तरुण राहतो. त्याला स्वप्ने पडतात. ती कल्पनेतली नसतात, तर प्रत्यक्ष घडून गेलेल्या सामूहिक हत्याकांडांची असतात आणि त्यांत मरणाऱ्यांच्या यातना त्याला स्वतःच्या शरीरावर सोसाव्या लागतात. त्या हत्याकांडाला जबाबदार असलेल्या माणसाला शोधून ठार मारेपर्यंत ही वेदना थांबत नाही. मारण्याची अफाट शक्ती त्याला मिळते ती आयलमच्या पोटात वास करणाऱ्या मर्क नावाच्या परग्रहवासी जीवाकडून, आणि स्वप्नेही त्याच्याकडूनच येतात. शक्ती आणि शिक्षा एकाच हाताने दिलेली असते. ही शक्ती वापरणारा होरेशियो म्हणजे नेक्सस.

सुपरहिरोंच्या बहुतेक कथांमध्ये नायकाला शक्ती अपघाताने, वारशाने किंवा निवडीने मिळते आणि मग तो तिचा वापर भल्यासाठी करायचे ठरवतो. येथे ठरवण्याला जागाच ठेवलेली नाही. होरेशियो न्याय करतो असे बाहेरच्या जगाला वाटते आणि कोट्यवधी पीडित त्याला देवदूत मानतात. पण तो स्वतःला काय म्हणवून घेऊ शकतो? डोके फुटेल अशी वेदना थांबावी म्हणून तो मारतो. मारला जाणारा खरोखरच हजारोंचा किंवा लाखोंचा खुनी असतो, त्याच्या अपराधाविषयी शंका नसते, तरीही शिक्षा देणाऱ्याचा हेतू शुद्ध आहे की नाही हा प्रश्न प्रत्येक मृत्यूनंतर उरतोच. बॅरनने हा प्रश्न एखाद्या अंकात सोडवून टाकला नाही. त्याने तो मालिकेचा कणा केला.

या रचनेचे सर्वांत कठोर रूप होरेशियोच्या बालपणात आहे. त्याचे वडील थिओडोर हेलपॉप हे सोव्ह लष्करातील जनरल होते आणि व्राडिक या ग्रहाचा कारभार त्यांच्याकडे होता. तिथे उठाव झाला तेव्हा त्यांनी आज्ञेचे पालन केले, संपूर्ण ग्रहावरची जनता संपवली आणि पत्नीसह आयलमवर पळ काढला. मूल तिथेच वाढले. आई भूगर्भातील बोगद्यांच्या जाळ्यात हरवली आणि वडील व मुलगा एवढेच उरले. सोबतीला मर्कने निर्माण केलेले आल्फा आणि बीटा हे दोन सवंगडी होते. मुलगा मोठा होऊ लागला तशी स्वप्ने सुरू झाली आणि ती व्राडिकची होती. नेक्ससने दिलेला पहिला देहदंड त्याच्या स्वतःच्या वडिलांना होता. ज्या माणसाने आपल्याला वाढवले तोच पहिला अपराधी, ही सुरुवात इतकी जड आहे की पुढच्या प्रत्येक देहदंडाच्या वेळी वाचकाला ती आठवते. मला हे लेखन विशेष प्रामाणिक वाटते, कारण बॅरन वडिलांना राक्षस करून वाचकाचे काम सोपे करत नाही. ते शिस्तीचे, मुलावर माया असलेले आणि आज्ञा पाळणारे गृहस्थ आहेत. हत्याकांडे बहुतेक वेळा अशाच लोकांच्या सहीने होतात.

एवढ्यावर थांबली असती तर ‘नेक्सस’ ही एका सूडयात्रीची चांगली, पण एकसुरी मालिका झाली असती. तिला खऱ्या अर्थाने अंतराळगाथा बनवतात ते निर्वासित. नेक्सस एखाद्या हुकूमशहाला मारतो, तेव्हा त्याच्या तुरुंगांतून, खाणींतून आणि गुलामांच्या तळांवरून सुटलेली माणसे जाणार कुठे? ती आयलमवर येतात. पहिल्याच अंकांपासून या ओसाड गोलाच्या भुयारांत आणि दालनांत वेगवेगळ्या जातींचे, भाषांचे, श्रद्धांचे लोक दाटीवाटीने राहताना दिसतात. मग त्यांना अन्न हवे, घरे हवीत, कामे हवीत, भांडणे मिटवणारे कुणीतरी हवे. काही काळाने त्यांना मत हवे असते. एकट्याने राहू पाहणाऱ्या, प्रसिद्धीचा तिटकारा असलेल्या एका जल्लादाच्या दारात एक राष्ट्र उभे राहते, त्याला टायरोन नावाचा निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष मिळतो, आणि ज्याच्या शक्तीवर हे राष्ट्र टिकून आहे त्याच्यावर त्या राष्ट्राचा हक्क किती, हा वाद सुरू होतो. होरेशियोला थकवा येतो, तो हे काम सोडू पाहतो, एका टप्प्यावर सोडतोही. तेव्हा मर्क ती शक्ती दुसऱ्याला देतो आणि नेक्सस हे एका माणसाचे नाव नसून पद आहे हे वाचकाच्या लक्षात येते. त्या पदावर चुकीचा माणूस बसला तर काय होते, हेही मालिका दाखवते.

अंतराळगाथेत भव्यता सहज आणता येते. हजार जहाजे काढली, एक ग्रह फोडला की वाचक क्षणभर थक्क होतो. परंतु एका देहदंडाचा परिणाम पुष्कळ अंकांनंतर तीन मुलींच्या रूपाने परत येतो, ही भव्यता वेगळ्या जातीची आहे. नेक्ससने जनरल लूमिस यांना मारले, त्यांच्या तीन मुली उरल्या, आणि त्या सूडाची शपथ घेतात. वाचकाला त्यांचा राग समजतो. नेक्ससलाही समजतो, कारण वडील गमावणे म्हणजे काय हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

पात्रांची गर्दी मोठी आहे. त्यांतील दोघातिघांविषयीच लिहितो. सुंद्रा पील ही पत्रकार म्हणून आयलमवर येते, प्रत्यक्षात ती वेबच्या उर्सुला इमाडा या बड्या अधिकारी बाईसाठी हेरगिरी करत असते, आणि मग होरेशियोच्या प्रेमात पडते. या नात्यात दोघांनाही एकमेकांचे पूर्ण सत्य ठाऊक होते आणि तरीही ते टिकते, म्हणून ते खोटे वाटत नाही. डेव्ह हा थून जातीचा, केसाळ, शांत वृत्तीचा सल्लागार आहे. नेक्सस ज्याच्यासमोर मन मोकळे करतो असा तो बहुधा एकमेव. डेव्हचा मुलगा जुडा हा नेक्ससवर भारावून स्वतःही योद्धा होतो. त्याचे नाव इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात उठावाचे नेतृत्व करणाऱ्या जुडा मॅकाबी या ज्यू वीरावरून आले आहे. बापाचे चिंतन आणि मुलाचा उत्साह यांच्या मध्ये नेक्सस उभा असतो. याखेरीज क्लॉशियस या गुलामांच्या व्यापाऱ्याची कल्पना मला आजही अस्वस्थ करते. माणसांची डोकी धडावेगळी करून जिवंत ठेवायची आणि त्यांच्या मनःशक्तीवर यंत्रे चालवायची, असा त्याचा धंदा. ही डोकी सुटून आयलमवर येतात आणि तिथले रहिवासी होतात. शोषणाचे इतके थेट चित्र सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये क्वचितच आढळते.

आता चित्रांकडे वळतो, कारण या मालिकेवर माझे खरे प्रेम तिथे आहे.

स्टीव्ह रूडच्या रेखाटनात अमेरिकन कॉमिक्समधले तीन पूर्वसुरी चित्रकार स्पष्ट दिसतात. अॅलेक्स टॉथकडून त्याने काय गाळायचे ते घेतले : कमीत कमी रेषा, ठाम काळे भाग, दुरूनही ओळखू येणारी बाह्याकृती. जॅक कर्बीकडून यंत्रांचा आणि वास्तूंचा अवाढव्यपणा आणि शक्ती फुटते तेव्हाचा जोर आला. रस मॅनिंगकडून स्वच्छ, नितळ भविष्यकाळ आणि देहाचा डौल आला. पुढे ‘मॅग्नस’ या मॅनिंगने गाजवलेल्या नायकासोबत नेक्ससची एक संयुक्त कथा निघाली आणि तीही रूडनेच रेखाटली, हे योग्यच झाले. हे तीन प्रभाव सहसा एका हातात नांदत नाहीत, कारण टॉथ कमी करत जातो आणि कर्बी वाढवत जातो. रूडने त्यांची वाटणी केली. माणसे टॉथ आणि मॅनिंगच्या संयमाने काढली आणि विश्वाला कर्बीचा आकार दिला. म्हणूनच एखाद्या प्रचंड दालनात दोन माणसे हळू आवाजात बोलत असली तरी नजर त्यांच्यावरच जाते.

नव्या चित्रकारांना मी त्याची गर्दीची दृश्ये आवर्जून पाहायला सांगतो. निर्वासितांचा जमाव काढताना बहुतेक चित्रकार पुढच्या रांगेत चारपाच चेहरे रंगवतात आणि मागे अंडाकृतींची रास लावतात. रूड मागच्या रांगेतल्या परग्रहवासीयालाही स्वतःची हाडे देतो. त्याची मान कशी वळेल, कपडा खांद्यावर कसा बसेल, तो शेजाऱ्याशी बोलतो आहे की कंटाळला आहे, हे सगळे ठरलेले असते. कथेचा भारच मुळी या अनामिक लोकांवर आहे. ते ठोकळे असते तर नेक्ससची जबाबदारी हा केवळ शब्द राहिला असता. त्यांना चेहरे असल्यामुळे ती डोळ्यांना दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे अभिनय. रूडची पात्रे उभी राहतात, रेलतात, हात कुठे ठेवावे हे न कळून अवघडतात. होरेशियो पोशाखात असतो तेव्हा ताठ, जवळजवळ पुतळ्यासारखा असतो. डोळ्यांवर झापड, अंगावर गडद पोशाख, हालचालीत नेमकेपणा. पोशाख उतरला की तोच माणूस खांदे पाडून बसतो आणि दहा वर्षांनी वय वाढल्यासारखा थकलेला दिसतो. हा फरक सांगायला बॅरनला एक वाक्यही खर्च करावे लागत नाही. देहदंडाच्या प्रसंगांत रूड बहुतेक वेळा चौकटींची संख्या वाढवत नाही, उगाच तिरक्या कोनांचा सोस करत नाही. प्रकाश फुटतो, माणूस संपतो, आणि पुढच्या चौकटीत नेक्ससचा चेहरा असतो. थरार लांबवण्याचा मोह टाळल्यामुळेच हे प्रसंग मनात राहतात.

लेखकाची पद्धतही इथे महत्त्वाची आहे. बॅरन संहिता केवळ टंकलिखित शब्दांत देत नसे. तो पानाची कच्ची रेखाटने स्वतः काढून चित्रकाराकडे पाठवत असे. त्यामुळे संवाद मुळातच चौकटीच्या मापाने लिहिले गेले. फुगे छोटे आहेत, निवेदन मोजके आहे आणि पात्रे एकमेकांना आधीच ठाऊक असलेली माहिती वाचकासाठी पुन्हा सांगत बसत नाहीत. अर्थात याची दुसरी बाजू अशी की नवा वाचक पहिल्या काही अंकांत थोडा गोंधळतो. ग्रहांची, पक्षांची, जातींची नावे अचानक येतात आणि त्यांचा खुलासा नंतर होतो. हा गोंधळ सहन करावा, तो लवकर निवळतो. लेस डॉर्शाइड याच्या रंगकामाचाही उल्लेख करायलाच हवा. आयलमच्या भूगर्भातले दबलेले रंग आणि शक्ती वापरतानाचा झगझगीत प्रकाश यांतला विरोध त्याने फार समजून सांभाळला.

मग इतकी चांगली मालिका मागे का पडली? याचे उत्तर बरेचसे तिच्या प्रकाशनाच्या इतिहासात आहे. बॅरन आणि रूड दोघेही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहराशी जोडलेले होते. त्याच शहरातील कॅपिटल कॉमिक्स या छोट्या प्रकाशनाने 1981 मध्ये ‘नेक्सस’चा पहिला अंक काढला. सुरुवातीचे तीन अंक मासिकाच्या आकाराचे आणि कृष्णधवल होते, त्यांतल्या तिसऱ्यासोबत तर कथेचे ध्वनिमुद्रण असलेली लवचीक तबकडीही दिली होती. 1983 पासून रंगीत मालिका सुरू झाली. सहा रंगीत अंकांनंतर कॅपिटलने हात आखडता घेतला, सातव्या अंकापासून शिकागोच्या फर्स्ट कॉमिक्सने ती चालवली आणि 1991 मध्ये 80 व्या अंकाशी तीही थांबली. त्यानंतर डार्क हॉर्स या प्रकाशनाने 1990 च्या दशकात ती छोट्या छोट्या मालिकांच्या रूपात काढली. 2007 मध्ये रूडने स्वतःच्या प्रकाशनातून काही अंक काढले. म्हणजे वाचकाने तिचा माग काढायचा तर दर काही वर्षांनी नवे घर शोधायचे. मोठ्या प्रकाशनांच्या नायकांना अनेक दशकांचा सलग बाजार, चित्रपट आणि खेळणी मिळाली. नेक्ससला यांतले काही मिळाले नाही.

मात्र याच गोष्टीचा एक लाभही झाला. फक्त कॉमिक्सच्या दुकानांतून विकल्या जाणाऱ्या या नव्या प्रकाशनांना त्या काळच्या कॉमिक्स कोडच्या, म्हणजे या व्यवसायाने स्वतःवर घालून घेतलेल्या सेन्सॉर-नियमावलीच्या, शिक्क्याची गरज नव्हती, आणि नायकाचे हक्क निर्मात्यांकडे असल्यामुळे इतर मालिकांशी मेळ घालण्याची, दर वर्षी सगळे पूर्वपदावर आणण्याची सक्तीही नव्हती. म्हणूनच या कथेत मेलेला माणूस मेलेलाच राहतो, झालेला बदल टिकतो आणि राष्ट्र खरोखर वयाने वाढते. जाणकारांनी तिची दखल घेतली नाही असेही नाही : 1984 मध्ये रूडला होतकरू चित्रकारासाठीचा रस मॅनिंग पुरस्कार मिळाला, 1988 साली कॉमिक्स क्षेत्रातले मानाचे आयझ्नर पुरस्कार प्रथमच दिले गेले तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रकाराचा मान त्याला ‘नेक्सस’साठीच लाभला आणि 1993 मध्ये ‘नेक्सस : द ओरिजिन’ हा सर्वोत्कृष्ट एकल अंक ठरला. व्यवसायातल्या लोकांनी मानलेली, पण सर्वसामान्य वाचकांपर्यंत न पोहोचलेली, अशी तिची जागा आहे.

मालिकेत दोष आहेत आणि ते सांगितल्याशिवाय शिफारस करणे मला योग्य वाटत नाही. रूड संथ आणि काटेकोर चित्रकार असल्यामुळे मासिक गती त्याला झेपली नाही आणि अधूनमधून इतरांनी अंक रेखाटले. त्यांत उत्तम नावे आहेत, 28 वा अंक तर पुढे ‘हेलबॉय’ निर्माण करणाऱ्या तरुण माइक मिन्योलाने काढला. तरीही फर्स्टच्या काळातल्या उत्तरार्धात रूड जवळजवळ नसतो, तेव्हा मालिकेचा तोल जातो. कारण बॅरनचे लेखन चित्रकाराच्या अभिनयावर विसंबलेले आहे; तो अभिनय कमी पडला की तेच संवाद कोरडे वाटतात. कथानके कधी कधी मध्येच सोडून दिल्यासारखी होतात. विनोदी उपकथानके सगळीच जमलेली नाहीत. सोव्ह साम्राज्याची कल्पना शीतयुद्धाच्या अखेरच्या दशकातली आहे आणि आज ती जुनी वाटणे स्वाभाविक आहे. मला स्वतःला ती खटकत नाही, कारण बॅरनचा रोख एका राजवटीपेक्षा आज्ञेच्या आड लपणाऱ्या माणसांवर आहे आणि वेबच्या व्यापारी लोकशाहीलाही तो मोकळे सोडत नाही. उर्सुला इमाडा हे पात्र त्याचाच पुरावा आहे. तरीही ज्यांना राजकीय रूपके अधिक सूक्ष्म हवी असतात त्यांना हे भाग ढोबळ वाटतील.

सुरुवात कुठून करावी याविषयी माझे मत ठाम आहे. कृष्णधवल तीन अंकांपासूनच करावी. पुष्कळजण थेट रंगीत मालिकेचा पहिला अंक हाती घेतात, कारण आधीच्या तीन अंकांत रूडचा हात अजून घडतो आहे. पण सुंद्राचे आयलमवर येणे, डेव्हची ओळख आणि देहदंडाचे मूळ नियम त्यांतच आहेत. शिवाय एक चित्रकार तीन अंकांत किती झेप घेऊ शकतो हे पाहणे हाही आनंद आहे. डार्क हॉर्सने जुने अंक बारा पुठ्ठाबांधणीच्या खंडांत एकत्र केले आणि पुढे स्वस्त, जाड कागदी बांधणीच्या खंडांतही आणले. वाचण्यासाठी दुसरे पुरेसे आहेत; ज्यांना रेखाटन शिकायचे आहे त्यांनी मिळाल्यास पहिले घ्यावेत, कारण पान मोठे आणि छपाई अधिक नीट आहे.

‘द ओरिजिन’ हा अंक स्वतंत्रपणे वाचता येतो आणि त्यात होरेशियोचे बालपण सलग सांगितले आहे, म्हणून अनेकजण तो आधी वाचण्याचा सल्ला देतात. मी तसे सांगणार नाही. मूळ मालिकेत वडिलांची गोष्ट नेक्ससविषयी आपले काही मत बनल्यानंतर समोर येते आणि ते मत हलवते. ती आधीच कळली तर हा परिणाम हरवतो. रंगीत मालिकेचे पहिले तीसेक अंक सलग वाचावेत, त्यानंतर ‘द ओरिजिन’ घ्यावा, आणि मग लूमिस भगिनींपासून नव्या नेक्ससपर्यंतचा भाग वाचावा. उत्तरार्धात रूड नसलेले अंक कथानकापुरते भरभर वाचले तरी चालतील. त्यानंतर डार्क हॉर्सच्या छोट्या मालिकांतील रूडने रेखाटलेले भाग घ्यावेत, ज्यांत त्याची रेषा सर्वांत पक्व आहे आणि थकलेला, वय वाढलेला होरेशियो पहिल्या अंकातल्या ताठ तरुणाशेजारी ठेवून पाहता येतो.